दाराआडचा कान

गाणं संपलं आणि स्वयंपाकघरात कुणीच काही बोललं नाही.

या घरात हे नवीन होतं. इथे गाणं संपायच्या आत मतं सुरू होतात आणि मतं संपायच्या आत भांडणं. वडिलांच्या, आप्पांच्या, रेडिओ दुरुस्तीच्या खोलीत दादाने स्टुडिओ थाटला तेव्हापासूनची ही रीत. गाण्याचं मिक्सिंग झालं, म्हणजे सगळे आवाज आपापल्या जागी बसवून झाले, की दादा स्टुडिओचं जाड दार सताड उघडायचा आणि गाणं लावायचा. घरात जे कुणी असेल त्याने बोळ ओलांडून स्वयंपाकघरात जायचं आणि तिथून ऐकायचं. "समोर बसलेला माणूस माझं तोंड बघून ऐकतो," तो म्हणायचा. "दाराआडचा माणूस गाणं ऐकतो." त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, तीस वर्षं भांडी विसळता विसळता हे काम केलं होतं. तिला सूर कळत नव्हते, ताल तर त्याहून नाही. पण "गाणाऱ्याचा आवाज खाली आहे" असं ती म्हणाली, की दादा मुकाट्याने तो वर घ्यायचा. मग गाणारा खूश व्हायचा आणि बाकीचा बँड गाल फुगवून बसायचा.

आज तर घरचंच रेकॉर्ड होतं. दादाची गिटार, ताईचे ड्रम्स, धाकट्याचा गळा. तिघा भावंडांनी पंचवीस वर्षांनी एका खोलीत उभं राहून वाजवलं होतं, आणि या सगळ्यात एकदाही कुणी कुणावर ओरडलं नव्हतं. यातच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"काय? कसं वाटलं?" आतून दादाची हाक आली.

ताईने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"चहा टाकलाय," वहिनी म्हणाली. "पिऊन सांगतो."

"चहा पिऊन सांगणार म्हणजे वाट लागलेली दिसतेय." त्याचा आवाज दमलेला होता, चिडलेला नव्हता. "बरं. तोवर पुढचं गाणं बघतो."

दार लागलं. ते एकदा लागलं की आतलं बाहेर येत नाही आणि बाहेरचं आत जात नाही. आप्पा गेल्यावर त्यांच्या गादीचा कापूस दादाने त्या दारात ठासून भरला होता. त्यावरून ताईने त्याच्याशी अबोला धरला होता, तो तिनेच सोडला, कारण दादाच्या तो लक्षातच आला नव्हता.

"पुन्हा गाडलं मला," धाकटा म्हणाला.

पन्नाशी उलटून गेली तरी तो घरात धाकटाच होता. विम्याच्या ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं होती, तिथे तो साहेब होता. इथे पाय ठेवला की तो पुन्हा तो पोरगा व्हायचा, ज्याने पहिल्यावहिल्या रेकॉर्डसाठी जीव तोडून गायलं होतं आणि छापून आल्यावर स्वतःला शोधत बसला होता. दादाने तेव्हा गिटारींच्या भिंतीमागे त्याचा आवाज असा ढकलला होता, की शब्दसुद्धा कळत नव्हते. विचारलं तर म्हणाला, "गळाही एक वाद्यच आहे. राजा नाही." त्यावर धाकटा निघून गेला आणि बँड बसला. या खेपेला दादाने स्वतः फोन केला होता. "येशील का" असंही नाही म्हणाला. "गळा घेऊन ये" म्हणाला. धाकटा तेवढ्यावर विरघळला होता, आणि आता त्याला स्वतःचाच राग येत होता.

"तुला एकट्याला नाही गाडलेलं," ताई म्हणाली. "माझ्या झांजा ऐकल्यास? ओल्या टॉवेलवर मारल्यासारख्या लागतायत."

"तुझ्या झांजांचं राहू दे गं. मी तोंडावर हात ठेवून गातोय असं वाटतंय. तेव्हाही हेच केलं त्याने. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही."

"हळू बोल."

"हळू कशाला?" वहिनी म्हणाली. "दार लागलंय ना? मोठ्याने बोला भाऊजी, मला या घरघरीत काही ऐकू येत नाही." तिने धूर ओढणारा पंखा बंद केला. मग हात पुसायला फ्रिजशेजारच्या स्टँडवरचा नॅपकिन ओढून घेतला.

तो स्टँड खरं तर माइकचा होता. स्वयंपाकघराच्या फरशीच्या भिंतींमध्ये आवाज छान घुमतो, म्हणून ताईच्या ड्रम्सचा घुमारा दादाने तिथे रेकॉर्ड केला होता. काम झालं तरी माइक उचलला नव्हता आणि वहिनीने त्याची खुंटी करून टाकली होती. नॅपकिन निघाला तसा माइकच्या पायथ्याशी बारीकसा लाल दिवा दिसला. पण त्या वेळी दिव्याकडे बघायला कुणाला सवड होती?

ओट्याला टेकून उभी असलेली टिकटिक इतका वेळ गप्प होती. ही दादाची मुलगी. लहानपणी बापाच्या ताल मोजायच्या यंत्रासमोर बसून ती तोंडाने टिकटिक करायची, तेच नाव पडलं. आता माइक कुठे लावायचा, वायर कुठे ओढायची, वाट्टेल तेव्हा उगवणाऱ्या बँडवाल्यांना बाहेर कसं बसवायचं, हे सगळं तीच बघायची. गाणं सुरू झालं तेव्हाच ते बिघडलंय हे तिला कळलं होतं. तिला वाटत होतं, हे सगळं आपल्या एकटीचं पाप आहे.

"काका, बाबांनी मुद्दाम नाही केलं."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. दोन वर्षं झाली." तिने दाराकडे पाहिलं आणि एका दमात बोलून टाकलं. "बाबांना वरचे आवाज ऐकू येत नाहीत. झांजांची किनार, गाण्यातला 'स', 'श', असलं सगळं. ऐकू येत नाही म्हणून ते वाढवत राहायचे. गाणं कानात सुईसारखं टोचायचं. एक गाणारा मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या बाबांना सांग ना. मी नाही सांगितलं. त्यांच्या स्पीकरच्या मागे एक खटका असतो, वरचे आवाज वाढवायचा. तो मी वर करून ठेवला. म्हणजे त्यांना तिथे पुरेसं तीक्ष्ण ऐकू येईल आणि ते आपोआप कमी ठेवतील. तसं झालंही. कुणाची तक्रार नाही. पण आज काय झालं ते मला कळत नाहीये."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. "दादाला? कमी ऐकू येतं?"

"तुला आत्ता कळतंय?" ताई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

ताईने खुर्ची ओढली आणि बसली. तिची बोटं हल्ली सांध्यांत सुजलेली असायची. शाळेत पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेली ही बाई एके काळी ड्रम्सवर बसली की पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्या मागे सरकवायची. "गेल्या वर्षी त्याने एका बँडचं रेकॉर्ड ऐकवलं," ती म्हणाली. "दात शिवशिवले माझे. म्हणून या खेपेला मी वाजवण्याआधी झांजांना खालून टेप लावली. जाड कापडी टेप. म्हटलं, मुळातच कमी वाजलं तर तो कितीसं वाढवणार?"

"आत्या!" टिकटिकने कपाळावर हात मारला.

"थांब, थांब," धाकटा टिकटिककडे वळून म्हणाला. "तूच मला सांगितलंस ना गं, माइक हल्ली टोचतो, तोंड जरा बाजूला वळवून गा?"

"सांगितलं."

"मी अख्खं रेकॉर्ड भिंतीकडे तोंड करून गायलो! मान धरली माझी!"

मग ताईला हसू फुटलं. तिचं हसणं वाजवण्यासारखंच होतं, सुरू झालं की थांबवता येत नसे. "सात सुगरणी, भाजी अळणी," ती डोळे पुसत म्हणाली. "प्रत्येकीला वाटलं दुसरीने मीठ घातलंय. वहिनी, तू आवाजावर कुठली गोधडी घातलीस?"

"मी काही नाही घातलं," वहिनी कप मांडत म्हणाली. "मी फक्त ऐकते."

हसणं जसं आलं तसं विरलं. आता बोलायचं तेच उरलं होतं.

"त्याला सांगायला हवं," ताई म्हणाली.

"अजिबात नाही," धाकटा म्हणाला. मघाशी गाडलं म्हणून कावलेला हाच. आवाज गाडल्याचा राग त्याला पेलत होता, पण भाऊ बहिरा होतोय हे त्याला पेलेना. "त्याच्याकडे दुसरं आहे काय, ताई? कान गेले म्हटलंस तर तो दुसऱ्या दिवशी उठणार कशासाठी? मी सांगणार नाही आणि कुणी सांगायचं नाही."

आत, जाड दारापलीकडे, मिक्सरवरचा एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

मघाशी तो पहिल्यांदा दिसला तेव्हा दादाला वाटलं पंखाच आहे. स्वयंपाकघराच्या माइकची पट्टी बंद करायची राहिली होती आणि दिवा एकसारखा जळत होता. मग तो विझला. मग थांबून थांबून उड्या मारायला लागला, माणसं बोलताना मारतो तशा. दादाने पट्टी बंद करायला हात पुढे केला. भिंतीला कान असतात म्हणतात, ते त्यानेच इथे लावले होते, पण कुणाचं आडून ऐकायचं नाही एवढी रीत त्याला होती. हेडफोन त्याने कानाला लावला तो फक्त माइक खराब झालाय का ते बघायला. आणि पहिलंच वाक्य ऐकू आलं ते "बाबांनी मुद्दाम नाही केलं".

त्यानंतर हेडफोन काढणं त्याला जमलं नाही.

सगळं नीट ऐकू येत नव्हतंच. शब्दांना मध्ये मध्ये भोकं होती. 'सांगितलं'मधला पहिला आवाजच नाही, 'शिवशिवले' म्हणजे नुसती वाफ. त्याने वरचे आवाज होते तेवढे वाढवले आणि उरलेलं मनाने भरलं. हल्ली तो बहुतेक सगळंच मनाने भरत होता.

कान तपासायला तो एकटाच जाऊन आला होता. तिथली खोली त्याच्या खोलीसारखीच, जाड दाराची, कापूस भरलेली. काचेपलीकडे एक मुलगी बसलेली. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज येतच नव्हता, तेव्हा त्याने तिच्या हाताकडे बघून बटण दाबलं. तिचा हात हलला की दाबायचं. आयुष्यभर लोकांना, तोंड बघून ऐकू नका, म्हणून दटावणारा माणूस तिथे एका पोरीचा हात बघून ऐकत होता. तिच्या ते लक्षात आलं. तिने हात मांडीवर ठेवले. मग तो नुसता बसून राहिला.

तो घरी येऊन कुणाला काही बोलला नाही. बोलायचं तरी कुठून सुरू करणार? आयुष्यभर त्याने केलं काय, तर जड जड अँप्लिफायर जिने चढवले आणि उतरवले. अर्धी रिकामी सभागृहं पाहिली, जिथे गाण्यापेक्षा पेल्यांचा किणकिणाट जास्त. घरीच कॅसेटी छापल्या, बायकोने बसून त्यांवर कागद चिकटवले. स्वतःचा बँड बसला तेव्हा दुसऱ्यांचे बँड रेकॉर्ड केले. सुंदर गिटारी घेऊन पोरं यायची, ताल मात्र घरी विसरून. त्यांना दिवसभर "पुन्हा एकदा" म्हणायचं. आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेले शब्द ते दोनच, 'पुन्हा' आणि 'एकदा'. कुठल्याही मोठ्या कंपनीने त्याला विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही. उरला होता तो एक कान. लोक म्हणायचे, तिकडे जा, तो माणूस ऐकतो.

हेडफोनमध्ये ताई बोलत होती. "सांगायचं नाही म्हणतोस, आणि ही पोरगी जाईल तेव्हा खटका कोण बघणार? तू?"

"जाईल कुठे?"

दादाने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला.

"काका, एका बँडने विचारलंय," टिकटिक म्हणाली. "मोठा आहे. गावोगाव फिरतात. त्यांच्या कार्यक्रमांचा सगळा आवाज मी सांभाळायचा. खूप दिवस बाहेर राहावं लागेल, मध्ये घरी येता येणार नाही. उद्या उत्तर द्यायचंय."

"दादाला माहीत आहे?"

"आईला माहीत आहे. आत्याला माहीत आहे."

"आणि मी म्हटलं होतं, जा," ताई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "म्हटलं होतं. पण आता वाटतं, बाळा, एक वर्ष थांबली असतीस तर... तुझा बाप आहे गं तो."

"वा!" हा धाकटा. "मघाशी सांगायला हवं म्हणत होतीस."

"मघाशी मी हसत होते. हसताना माणूस शहाणा असतो."

"एक वर्ष थांबून काय होणार, आत्या? कान परत येणार आहेत?" टिकटिकचा आवाज चढला. दादाच्या हेडफोनमध्ये तो फाटला, तरी त्याने बटणाला हात लावला नाही. "दर वर्षी मी तो खटका आणखी वर करायचा? मग एक दिवस खटका संपेल. मला रोज वाटतं, बाबा स्पीकर पुसायला मागे हात घालतील आणि त्यांना कळेल की त्यांची स्वतःची पोरगी त्यांना रोज फसवतेय. मला जायचंय. खूप जायचंय. आणि मी जाते म्हटलं की त्यांचं नाव जातं. मी काय करू? मी जाते म्हणून कसं..."

"जाते म्हणू नये गं. येते म्हणावं," ताई सवयीने म्हणाली.

"आत्या!"

"बरं बरं. राहिलं."

मग वहिनी बोलली. इतका वेळ तिचा आवाज लांबून येत होता, आता एकदम जवळून आला. ती माइकपाशीच येऊन उभी राहिली असणार.

"त्यांना माहीत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग तीच पुढे बोलायला लागली.

"किटली शिट्टी वाजवत होती. हे शेजारी बसून पेपर वाचत होते. मी बाहेरून पळत आले आणि गॅस बंद केला. यांनी वाफेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. हेही नाही. तेव्हापासून मी शिट्टीची किटली माळ्यावर टाकली आणि साधं पातेलं काढलं. पातेलं बघून यांनी विचारलं नाही, किटली कुठे गेली. एवढं माहीत आहे त्यांना. पण पोरगी अडकून पडलीय हे माहीत नसणार. ते माहीत असतं, तर त्यांनी तिला कधीच बाहेर काढलं असतं. एवढी मी त्यांना ओळखते."

दादाने हेडफोन कानावरून उतरवला. तो उठला, स्पीकरच्या मागे गेला आणि वाकला. गुडघे दुखले. धुळीत चाचपडत त्याच्या बोटाला खटका लागला. खरोखरच पार वर होता. हा स्टुडिओ त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता, प्रत्येक वायर त्याच्या ओळखीची, आणि याच एका जागी दोन वर्षांत त्याचा हात गेला नव्हता. त्याला पोरीचा राग आला नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त, ती एवढ्याशा खटक्यापाशी दोन वर्षं पहारा देत उभी होती याचं वाईट वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा हेडफोन त्याच्या गळ्यातच होता आणि वायर मागून लोंबत होती. ताईने आधी वायर पाहिली, मग माइक, मग माइकखालचा लाल दिवा. तिने हळूच कप खाली ठेवला.

"हा माइक चालू होता," दादा म्हणाला.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "दिवा लागलेला होता."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. "म्हणून मोठ्याने बोला म्हणालीस?"

"तीस वर्षं मी दाराआडून ऐकलं, भाऊजी. म्हटलं, आज यांनी ऐकावं. तोंडावर कुणी बोललं नसतं. मीसुद्धा नसते बोलले." बोलताना ती नॅपकिनची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. "चुकलं असेल तर बोला मला. यांना बोलू नका."

दादाने खुर्ची ओढली, बसला आणि पुढ्यातला चहा अर्धा संपवला.

"सुगरण आणखी एक आहे," तो म्हणाला. "मी. मला माहीत होतं माझ्या हातून वरचं जास्त पडतं. म्हणून शेवटी सगळं झाल्यावर मी आपला अंदाजाने वरचं थोडं कापून टाकायचो. या खेपेला घरचं काम, म्हणून जरा जास्तच कापलं." तो ताईकडे वळला. "काय गं ढमे, कापडी टेप? माझ्या झांजांना?"

"माझ्या झांजा आहेत त्या," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि लावली तर लावली. मोठा आलाय."

टिकटिक ओट्यापाशी तशीच उभी होती. "बाबा, मी..."

"उद्या कळवायचंय ना?"

"हो. पण मी गेल्यावर आत कोण बसणार?"

"बघू. कुणी शिकणारं आलं तर ते बसेल. नाही आलं तर खोली रिकामी राहील. आप्पांचे रेडिओ संपले तेव्हाही राहिलीच होती." हे त्याने सहज म्हटलं, पण म्हणून झाल्यावर तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला. टिकटिकला वाटलं आपण रडणार, आणि ती रडलीच, नॅपकिन मागून घेऊन.

"पुरे," दादा म्हणाला. "मी दमलोय गं. खरं सांगू? ऐकू येतंय असं दाखवून दाखवून जास्त दमलोय. आत जा. खटका सरळ कर. मी कापलेलं सगळं काढून टाक आणि तुझ्या कानाने बसव. दार उघडं ठेव."

"आणि तुम्ही?"

"मी इथे आहे."

ती आत गेली. बराच वेळ नुसते तुकडे ऐकू येत राहिले. ताईच्या झांजा आधी घोगऱ्या, मग हळूहळू मोकळ्या. तेवढ्या वेळात चहा गार झाला, वहिनीने पुन्हा टाकला. धाकटा मान चोळत बसला होता. मग आतून गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

दादा दाराच्या आड, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. स्वतःच्या रेकॉर्डसाठी तो या बाजूला कधीच उभा राहिला नव्हता. झांजा त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत. त्या चांगल्या लागताहेत हे त्याला ताईच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तोंड बघून ऐकल्याबद्दल त्याने स्वतःला माफ केलं. पण खालचं सगळं त्याला येत होतं. ड्रम्समधला मोठा ढोल येत होता, गिटार येत होती, आणि गिटारीच्या मागे, पंचवीस वर्षांपूर्वी त्याने जिथे ठेवला होता बरोबर तिथेच, भावाचा आवाज येत होता. पोरीने बापाची मांडणी मोडली नव्हती.

"धाकट्याचा आवाज खाली आहे," तो मोठ्याने म्हणाला. "वर घे."

वहिनीने विसळता विसळता हात थांबवला. आवाज थोडा वर आला.

"अजून."

"बाबा, गिटार मागे जाईल तुमची," टिकटिक आतून ओरडली.

"जाऊ दे. अजून वर."

धाकटा उठून खिडकीपाशी गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचं स्वतःचं गाणं, शब्दन् शब्द कळत, त्या छोट्या स्वयंपाकघरात भरून राहिलं. गाणं संपेपर्यंत तो वळला नाही. वळला तेव्हा म्हणाला, "राजा नाही ना रे मी?"

"नाहीस," दादा म्हणाला. "पण खालीही ठेवायला नको होतं. माझं चुकलं." मग आत बघून त्याने हाक मारली, "टिकटिक! उद्या कशाला? आत्ताच फोन कर त्यांना. इथूनच कर. दार राहू दे उघडं."

आत खुर्ची सरकली. मग तिने नंबर लावला असावा. वहिनीने नळ बंद केला. आतून पोरीचं बोलणं येत होतं, हळू, थोडं घाबरलेलं, मध्ये एकदा हसलेलं. दादाने मान तिरपी केली, डावा कान दाराकडे केला, मग उजवा. मग त्याने तो नाद सोडला आणि बायकोकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

वहिनीने हात पुसले.

"येते म्हणाली," तिने सांगितलं.